काही नाहीचे चार हिस्से

...अहो, मी कायद्याच्या विरोधात आहे असं म्हणालं कोण तुम्हाला? कोण म्हणालं? कायदा चांगलाच आहे! प्रश्नच नाही! कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला अमुक इतके पैसे मिळालेच पाहिजेत, त्याच्या खाली कुणी द्यायचे नाहीत, यात वाईट काय आहे? उलट टीव्हीवर बातमी आली ना, की किमान वेतन एकदम तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं, तेव्हा मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या, हवं तर आमच्या हिला विचारा. म्हटलं, "वा! गरिबाच्या हातात दोन पैसे आलेच पाहिजेत! किती दिवस पिळणार त्यांना?" तर ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणते कशी, "आपल्याकडे तिघं आहेत."

म्हटलं, "कोण तिघं?"

"लाँड्रीत. गरीब."

आता बघा! म्हटलं, "ते गरीब कुठले? ते आपले आहेत! घरच्यासारखे!"

"हो ना," म्हणाली, "आणि पगारही घरच्यासारखाच देता. मला तरी कुठे काय मिळतं?"

तिथून सुरू झालं सगळं.

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली लाँड्रीला. पुढे काउंटर, काउंटरमागे माझी गुबगुबीत खुर्ची, खुर्चीमागे पडदा, आणि पडद्यामागे सगळी वाफ. पडद्यामागे तिघं. एक मामा. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत हो, इस्त्रीवाले, सगळेच त्यांना मामा म्हणतात. कॉलर अशी बसवतात की शर्ट घातल्यावर माणसाची मानच ताठ होते. दुसरी ताई. ताई डाग काढते. शाई, तेल, गंज, लिपस्टिक... डागाकडे नुसतं बघते आणि म्हणते, "हा कालचा नाही, परवाचा आहे," की काउंटरवर नवराबायको उभे असतील तर त्यांची तिथेच जुंपते. आणि तिसरा गाडीवाला, घरोघरी कपडे पोचवतो. त्याला कधीही फोन करा, कुठेही असो, तो म्हणतो, "आलोच!" त्यामुळे त्याचं नावच आलोच पडलंय. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव काय आहे ते त्याच्या आईलाच माहीत.

तर या तिघांचा पगार वाढवायचा. तिसऱ्या हिश्श्यानं! बरं, कायदा चांगलाच आहे, प्रश्नच नाही, पण पैसे आणायचे कुठून? म्हटलं, जग एवढं मोठं आहे, बाकीचे काय करतात ते तरी विचारावं. आमचे नातेवाईक जगभर सांडलेले आहेत.

पहिला फोन मुलीला. मुलगी परदेशात अर्थशास्त्र शिकते, म्हणजे माझेच पैसे तिकडे कसे खर्च होतात याचा अभ्यास करते. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका. इथे किमान वेतन वाढवलं तेव्हा सगळे म्हणाले दुकानं बंद पडतील. नाही पडली. उलट माणसं नोकरी सोडून जायची थांबली."

म्हटलं, "आपली माणसं सोडून जातच नाहीत."

"का जात नाहीत?"

"कुठे जाणार? दुसरी लाँड्री कुठेय या भागात?"

"बघा!" म्हणाली. आणि ठेवला फोन. आता यात मी काय बघायचं होतं, मला तेव्हा कळलं नाही.

दुसरा फोन मेहुण्याला. तो दुसऱ्याच देशात. तो म्हणाला, "दाजी, पोरीचं ऐकू नका. आमच्याकडे पगार वाढले आणि लाँड्रीत माणूसच शिल्लक नाही राहिला. नाणं टाका, मशीन फिरतं. मोजा हरवला तर भिंतीकडे तक्रार करायची." तिसरा फोन थोरल्या भावाला, तो तिसऱ्या देशात. तो म्हणाला, "कायदा? आहे की आमच्याकडे! छापील! प्रत्येक दुकानात भिंतीवर लावावाच लागतो, नाहीतर दंड." म्हटलं, "आणि पगार?" तर म्हणाला, "पगाराचं काय मध्येच?"

म्हणजे बघा, औषध एकच! एकाला गुण आला, एकाला पुरळ उठलं, आणि तिसऱ्यानं बाटलीच उघडली नाही! मग आपण कोणाच्या वाटेनं जायचं? मी म्हटलं, आपण आपल्या डोक्यानं जाऊ. इथेच चुकलं.

आधी दर वाढवून पाहिले. नवा बोर्ड लावला. पहिलंच गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, चष्मा वर करून बोर्ड वाचला, चष्मा खाली करून पुन्हा वाचला आणि विचारलं, "एवढ्यात शर्ट पण मिळतो का?" दुपारी बोर्ड काढला. मग म्हटलं, तास कमी करू. तासाला जास्त द्यायचे ना? तासच कमी! मामांना सांगितलं, उद्यापासून दोन तास उशिरा या. ते आले दोन तास उशिरा, पण कपडे? कपड्यांना कोण सांगणार? ते आपले नेहमीच्या वेळेला हजर! मग दोन तास इस्त्री कुणी केली? मी! आणि पहिल्याच दिवशी एका वकिलाच्या काळ्या कोटाच्या पाठीवर, बरोब्बर मधोमध, इस्त्रीचा असा त्रिकोण उठवला की विचारू नका. ताईनं कोट उजेडात धरला, वास घेतला आणि म्हणाली, "हा डाग नाही, मालक. हे भोक आहे."

कोट भरून द्यावा लागला. कोटाच्या किमतीत मामांचे चार महिन्यांचे ते दोन तास आले असते! हे हिनं हिशेब करून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आणि मग मेहुण्याचा फोन आला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणाला, "दाजी, सापडलं! इकडे सगळे तेच करतात. त्यांना भागीदार करून टाका!"

"कुणाला?"

"तिघांना! कामगाराला पगार असतो, पगाराला किमान असतं. भागीदाराला पगारच नसतो, हिस्सा असतो! नफ्यातला! हिश्श्याला किमान वगैरे काही नसतं. आता मला सांगा, तुम्ही कागदावर नफा किती दाखवता?"

इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, "काही नाही."

"मग झालं तर! काही नाहीचे चार हिस्से करा!"

तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी मेहुण्याचा अभिमान वाटला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. म्हटलं, बघा, याला म्हणतात डोकं! कायदा मोडायचा नाही, कायद्याच्या शेजारून जायचं! कायदा चांगलाच आहे, प्रश्नच नाही, पण माणसाला बाजूनं जायला वाट नको?

कागद करायला गेलो त्याच वकिलाकडे. हो, कोटवाल्या. तेवढीच ओळख होती. तो म्हणाला, "खोटी भागीदारी इन्स्पेक्टरच्या लगेच लक्षात येते. खरी वाटायला हवी." म्हटलं, "वाटू दे." म्हणाला, "मग चौघांचे हिस्से सारखे. चौघांना एकेक मत. मशीन, गाडी, इस्त्र्या, सगळं भागीदारीच्या नावावर. हिशेबाच्या वह्या चौघांना उघड्या." मी म्हटलं, "लिहा, लिहा! कागदच आहे तो!" तो लिहीत होता आणि हसत होता. मला वाटलं, स्वभाव चांगला आहे. कोटाचं मनात ठेवलं नाही बिचाऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी तिघांना पडद्याबाहेर बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली, भाषण केलं. "आजपासून कोणी नोकर नाही, कोणी मालक नाही! म्हणजे सगळेच मालक!" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलोचनं गडबडीत माझं बिस्कीट खाल्लं. ताई तेवढी कागद वाचत होती. पूर्ण. दोन्ही बाजू. मग म्हणाली, "मालकाला पगार नाही?"

"छे! मालकाला कसला पगार!"

"मग तुम्ही महिन्याला नेता ते?"

"ती... ती उचल. खर्चापुरती."

"मग आम्हीही खर्चापुरती उचलू," म्हणाली, आणि सही केली. सही काय सुरेख होती हो! अकरा वर्षांत मी तिची सही पाहिलीच नव्हती. पगार रोख द्यायचो, पाकीट नाही, पावती नाही.

पुढच्या दिवशी सकाळी दुकान बंद म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला, आठला मी दुकानात. कारण मामा दहाला आले! म्हटलं, "मामा, दोन तासांचं ते आता रद्द झालं हो!" मामा अगदी सरळ मनानं म्हणाले, "तसं नव्हे. बावीस वर्षं बघतोय, मालक दहाला येतात." आलोचला फोन केला तर पहिल्यांदाच "आलोच" म्हणाला नाही. म्हणाला, "बघतो." बघतो! मालक झाल्याबरोबर भाषा बदलली!

पण हे दोघं परवडले. ताईनं वह्या मागितल्या. आता देणं भाग होतं, कागदावर लिहून दिलेलं. मी मनात म्हटलं, कपड्यावरचे डाग काढणारी बाई, तिला हिशेबातलं काय कळणार? अहो, पण ज्याला डागच बघायची सवय, त्याला कागदावर दुसरं काय दिसणार? तीन दिवस डबा खाताना वही समोर. चौथ्या दिवशी काउंटरवर आली, वही फिरवून माझ्यासमोर ठेवली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे 'किरकोळ' काय आहे?"

म्हटलं, "किरकोळ म्हणजे किरकोळ. बारीकसारीक."

"दर महिन्याला आहे."

"बारीकसारीक दर महिन्यालाच असतं."

"माझ्या पगारापेक्षा जास्त आहे."

आता त्या किरकोळमध्ये काय होतं? माझ्या गाडीचे टायर होते. घरचा सोफा होता, तोच, ज्यावरून उठून मी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याकडे जायचं विमानाचं तिकीट होतं. मी म्हटलं, "अगं, धंद्यात असं थोडंफार..." तर ती चिडली नाही हो. चिडली असती तर बरं झालं असतं, मीही आवाज चढवला असता. ती नुसती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं मी किरकोळपेक्षाही कमी होते."

खरं सांगतो, लाज वाटली. चेष्टा बाजूला ठेवा. पडद्यामागून वाफेचा आवाज येत होता, समोर ताई उभी, बोटांची टोकं त्या रसायनांनी पांढरी पडलेली, आणि मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो की पगार वाढवला तर धंदा बुडेल. धंदा बुडत नव्हता. मीच त्याला आतून पोखरत होतो.

पण लाज किती वेळ टिकते माणसाची? अर्धा तास! अर्ध्या तासानं मीटिंग झाली. हो, मीटिंग! आठवड्याला एक! पहिला ठराव, किरकोळ बंद. तीन विरुद्ध एक. दुसरा ठराव, आजवरच्या किरकोळची फेड म्हणून माझा हिस्सा दुकानात जमा करायचा, फिटेपर्यंत. तीन विरुद्ध एक. आमची ही डबा द्यायला आली होती, दारातून विचारते, "मला मत आहे का?" म्हटलं, "नाही!" तर म्हणाली, "असतं तर चार विरुद्ध एक झालं असतं," आणि गेली. आपलेच दात, आपलेच ओठ!

तिसरा ठराव ताईनं मांडला. डागाचे पैसे वेगळे घ्यायचे. मी म्हटलं, "गिऱ्हाईक पळेल! बोर्डाचं काय झालं आठवत नाही?" तर ती म्हणाली, "घडीचे पैसे द्यायला लोक कुरकुरतात. लपवायच्या गोष्टीचे पैसे लगेच देतात." आणि दिले हो! लगेच दिले! एक गृहस्थ तर रात्रीच्या जेवणाचा डाग काढून घ्यायला आले, तिप्पट देऊन वर म्हणाले, "डाग कशाचा होता ते पावतीवर लिहू नका." महिन्याच्या शेवटी तिघांनी उचल घेतली ती कायद्याच्या किमान वेतनाहून जास्त भरली, आणि तरी गल्ल्यात उरलं! उरलं! बावीस वर्षं मी त्या गल्ल्याशेजारी बसलोय, त्यात काही उरतं हे मला माहीत नव्हतं. मुलीला कळवलं, तर ती आनंदानं ओरडलीच. "बाबा! हे कुठल्याच देशाच्या अभ्यासात नाही! मी प्रबंधात घालू?" म्हटलं, घाल, बापाला एकदाचं घाल कुठेतरी.

मग आला चौथा ठराव. कोणी काय काम करायचं. मामा इस्त्री, ताई डाग आणि हिशेब, आलोच गाडी. "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "देखरेख." ताई म्हणाली, "कुणाची?" म्हटलं, "तुमची." मामा अगदी सरळ मनानं म्हणाले, "पण आम्ही तर मालक. मालकावर देखरेख कशाला?" ठरलं, मी सकाळी आठला यायचं, कपडे मोजून घ्यायचे, बटणं तपासायची, मोजे जुळवायचे. मला असा राग आला! असा राग! मी उठलो, म्हटलं, "खड्ड्यात गेल्या तुमच्या मीटिंगा! मला नाही बसायचं यात! माझं मत पण तुम्हीच टाका!" आणि रागाच्या भरात तसं लिहून खाली सही ठोकली. मला वाटलं, मनधरणी करतील. लहानपणी मी रुसलो की आई करायची. इथे ताईनं तो कागद घेतला, भोक पाडलं आणि फायलीत लावला.

सहा महिने गेले. आणि एक दिवस लेबर इन्स्पेक्टर बाई आल्या. बारीक अंगाच्या, खांद्याला मोठी पिशवी, आवाज एकदम हळू. हळू बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यांना ओरडायची गरज नसते. काउंटरवर आल्या आल्या म्हणाल्या, "हल्ली कामगारांना भागीदार दाखवायची टूम निघालीय. सगळ्या देशांत. बघू तुमचा कागद." मी मोजे जुळवत होतो, माझा हात थांबला. काळ्याबरोबर निळा गेला.

त्यांनी तिघांना एकेक करून विचारलं. वह्या बघता का? बघतो. निर्णय घेता का? दर आठवड्याला. पैसे मिळतात? ताईनं वही पुढे केली. बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, चष्मा काढला, पुसला, म्हणाल्या, "चौदा वर्षं नोकरी झाली माझी. खरे भागीदार पहिल्यांदाच बघतेय!" मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो! वकिलाला पेढे द्यायला हवेत!

तर त्या माझ्याकडे वळल्या. "आणि हे कोण?"

म्हटलं, "चौथा भागीदार!"

"निर्णय घेता?" फायलीतला तो कागद त्यांच्या हातातच होता. "हिस्सा मिळतो?" ...जमा होतो. "यायची वेळ कोण ठरवतं?" मी ताईकडे पाहिलं. "काम कोण सांगतं?" पुन्हा ताईकडे पाहिलं. बाई आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "हक्क नाही, हिस्सा नाही, हुकुमाप्रमाणे काम. ही धूळफेक आहे. इथे एकच भागीदार खोटा आहे, आणि तो तुम्ही आहात."

मी उसळलो! म्हटलं, "अहो बाई, दुकान माझं आहे! बावीस वर्षं! हे तिघं माझे नोकर! तो कागद तर नुसता..." आणि माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलतोय ते. बाईंनी पेन उघडलं. "असं? म्हणजे तुम्ही मालक, हे कामगार. मग भागीदारी खोटी, आणि अकरा वर्षांचं, बावीस वर्षांचं, जितकं कमी दिलं असेल तितकं, दंडासकट, तुमच्याकडून. नाहीतर तुम्ही कामगार. काय लिहू?"

तिघं माझ्याकडे बघत होते. ताई एक शब्द बोलली असती ना, नुसतं "हो, हे मालक" एवढंच, तर माझं घर विकलं गेलं असतं. आणि तिला ते माहीत होतं. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तिनं फक्त माझ्या हातातले चुकीचे मोजे काढून घेतले आणि बरोबर जुळवून ठेवले.

मी म्हटलं, "कामगार लिहा."

लिहिलं. वर तिघांना ताकीद दिली की या माणसाला कायद्यानं ठरलेलं किमान वेतन, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पावतीसकट. मामांचा चेहरा उतरला. म्हणाले, "एवढं? मोजे जुळवायचे? बाई, धंद्याला परवडलं पाहिजे हो!" मामा! ज्यांना मी चहा पाजून मालक केलं ते मामा! मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, आमच्याकडे असं कधी झालं नाही," आणि तेव्हापासून त्याला रेंजच नसते.

गेल्या पहिल्या तारखेला पाकीट मिळालं. ताईंनी दिलं. हो, आता मी अहोजाहो करतो, माणसानं पायरी ओळखून राहावं. पाकीट घरी आणलं, हिनं मोजलं, पावती वाचली, म्हणाली, "सत्तावीस वर्षांत घरात वेळेवर आलेले पहिले पैसे." डोळे पुसले हिनं. मीही पुसले, पण वेगळ्या कारणानं. मी आकडा बघत होतो.

अहो, कायदा चांगलाच आहे, प्रश्नच नाही. पण मला एक सांगा, ज्या कुणी तो आकडा ठरवला, त्यानं कधी त्यात महिना काढून बघितलाय? त्यात घर चालतं? दूध, वीज, मुलीची फी, गाडीचे टायर... चालतं? जनाची नाही तर मनाची तरी! मी परवा गेलो ताईंकडे, म्हटलं, "ताई, काही वाढवता येईल का? भागत नाही हो एवढ्यात." त्यांनी वही मिटली, माझ्याकडे पाहिलं आणि किती शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे, नाही भागत. मी अकरा वर्षं याहून कमीत भागवलं. या संध्याकाळी, कसं करायचं ते शिकवते."

जातोय शिकायला. फुकट शिकवतात.